पावसाळ्यात वेदर स्टेशनचा सोलरवर चालणारा सेन्सर चार्ज कसा ठेवायचा: पायरी-पायरीने

जून संपत आला की ठाणे-नवी मुंबईतले घरगुती वेदर स्टेशनवाले एकच प्रश्न विचारायला लागतात, सेन्सर ऑफलाइन गेलाय, पॅनल मोठं घेऊ का? एप्रिल-मेमध्ये सगळं मस्त चाललेलं असतं, कारण त्या उन्हात काहीही चालतं, आणि नेमका पाऊस मोजायची वेळ आली की ग्राफ बंद. मग एक वॉटचं पॅनल काढून पाच वॉटचं लावतात, ऑगस्टमध्ये ते पण झोपतं, मग सेल बदलतात, मग चार्जर मॉड्यूल, आणि शेवटी कंटाळून घरातून वायर सोडतात. सगळी गडबड क्रमात होते. आधी विजेचा खर्च मोजायचा, मग तो कमी करायचा, मग सेल, मग चार्जर, मग पॅनल आणि मग जागा. पॅनलचा नंबर पाचवा आहे आणि जवळपास सगळे सुरुवात तिथूनच करतात.

अजून एक, हिशोब कायम जुलैच्या सगळ्यात वाईट आठवड्याचा करा. मुंबईत मान्सून यायची सरासरी तारीख ११ जून आणि परतायची ८ ऑक्टोबर, म्हणजे जवळपास चार महिने ढगांवर काढायचे आहेत.

तयारी: काय हातात हवं

मल्टिमीटर, तोही मायक्रोअँप रेंज असलेला. सोल्डरिंग गन, दोन-तीन जम्पर वायर, मोबाइलचा पाच व्होल्ट चार्जर, मऊ कापड. आणि गच्चीवर लावणार असाल तर सोसायटीच्या सेक्रेटरीची लेखी परवानगी, ती सामान घ्यायच्या आधी काढा, कारण जागा कुठली मिळते यावर पॅनल किती मोठं लागेल हे ठरतं. पावसाळी शेड गच्चीवर कुठपर्यंत टाकतात हेही तेव्हाच विचारून घ्या, नाहीतर मे एंडला तुमच्या पॅनलवर निळा पत्रा येईल.

पायरी १: तुमचं स्टेशन कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखा

साधारण दोन प्रकार. एक विकतचं, ज्यात वारा, पाऊस, तापमान सगळं एकाच पांढऱ्या तुकड्यात आणि त्यावर छोटंसं पॅनल. दुसरं घरी बनवलेलं, ईएसपी३२ बोर्ड (वायफाय असलेली छोटी कंट्रोलर चिप), बीएमई२८० सेन्सर (तापमान, दमटपणा आणि हवेचा दाब मोजणारा), एक १८६५० सेल (रिचार्जेबल लिथियम-आयन), टीपी४०५६ चार्जर आणि सहा व्होल्टचं पॅनल. एकाचा उपाय दुसऱ्याला लावू नका.

विकतच्या बऱ्याच मॉडेलमध्ये पॅनल बॅटरी चार्ज करतच नाही. पॅनल आतला सुपरकपॅसिटर (थोडा वेळ पुरेल एवढी वीज साठवणारा भाग) भरतं, रात्र त्यावर निघते, आणि तो उतरला की मग बॅटरी मदतीला येते. डेव्हिसच्या व्हँटेज व्ह्यूमध्ये ही बॅकअप बॅटरी सीआर१२३ए असते, इतर अनेकांत दोन एए सेल. लोक काय करतात, सोलर आहे म्हणजे रिचार्जेबलच लागणार असं धरून निकेलवाले एए टाकतात, ते १.२ व्होल्टचे, आत चार्जही होत नाहीत, आणि थोड्याच दिवसांत कन्सोलवर (घरातल्या स्क्रीनवर) लो बॅटरी. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय तेच टाका. नॉन-रिचार्जेबल लिथियम एए चालत असतील तर महाग पडले तरी तेच घ्या, अल्कलाइन सेल आपल्या दमट हवेत आणि मे महिन्याच्या उन्हात लीक होऊन पट्ट्या खातात.

सावध: १४५०० नावाचा लिथियम-आयन सेल दिसायला हुबेहूब एएसारखा असतो पण तो ३.७ व्होल्टचा असतो. दोन टाकलेत तर तीन व्होल्टच्या जागी सात व्होल्टच्या वर जातील आणि सेन्सर जळेल. दुकानदाराने एएच आहे सांगितलं तरी सेलवरचा व्होल्टेज वाचा.

विकतच्या स्टेशनचा डेटा रोज पहाटे तुटत असेल आणि ऊन आलं की आपोआप परत येत असेल, तर सुपरकपॅसिटर रात्रभर पुरत नाहीये आणि बॅकअपही संपलाय. आधी पॅनल पुसा, मग बॅकअप बॅटरी नवी टाका, सेलच्या पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर असेल तर खरवडून काढा. एवढ्यावर बहुतेक तक्रारी मिटाव्यात. विकतच्या स्टेशनवाल्यांनी आता थेट पायरी ८ ला जायला हरकत नाही, मधलं सगळं घरी बनवणाऱ्यांसाठी आहे.

पायरी २: खर्च मोजा

ही पायरी कोणीच करत नाही. सेलच्या प्लस वायरमध्ये मल्टिमीटर सिरीजमध्ये लावा आणि दोन आकडे काढा, जागं असताना किती करंट जातो आणि डीप स्लीपमध्ये, म्हणजे बोर्ड झोपलेला असताना, किती.

इथे एक अडचण येते. मीटर मायक्रोअँप रेंजवर ठेवून बोर्ड चालू केला तर वायफाय सुरू होताना मीटरमध्येच व्होल्टेज पडतं आणि ईएसपी३२ पुन्हा पुन्हा रीसेट होतो, मग लोक म्हणतात बोर्ड खराब आहे. म्हणून मीटरच्या दोन टोकांमध्ये एक जम्पर लावून ठेवा, बोर्ड सुरू होऊ द्या, रीडिंग पाठवून झोपू द्या, आणि मगच जम्पर काढून आकडा वाचा. जागं व्हायच्या आधी जम्पर परत लावा.

सावध: करंट मोजून झाला की मीटरची लाल वायर लगेच व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घाला. अँपच्या सॉकेटमध्ये राहिली आणि तुम्ही सेलचं व्होल्टेज बघायला टोकं लावलीत तर तो थेट शॉर्ट आहे, १८६५० सेल अशा वेळी वायर लाल करतो.

आता हिशोब. समजा दर दहा मिनिटांनी रीडिंग, म्हणजे दिवसाला १४४ वेळा. प्रत्येक वेळी पाच सेकंद जागा आणि सरासरी १२० मिलिअँप. ७२० सेकंद म्हणजे ०.२ तास, गुणिले १२०, झाले २४ एमएएच (मिलिअँप-तास). स्लीपमध्ये ०.१ मिलिअँप जात असेल तर चोवीस तासांचे २.४. एकूण दिवसाला २६-२७ एमएएच.

तोच प्रोग्रॅम साध्या डेव्ह बोर्डवर टाका, ज्यावर पॉवरचा लाल एलईडी, यूएसबीची चिप आणि एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज ३.३ वर आणणारा भाग) आहे. स्लीपमध्ये दहा मिलिअँप जाणं तिथे अगदी कॉमन आहे. चोवीस तासांचे २४० एमएएच, त्यात जागेपणीचे २४, झाले २६४. दहापट! प्रोग्रॅम तोच, सेन्सर तोच, आणि त्यातला नव्वद टक्के खर्च बोर्ड झोपलेला असताना होतोय. गळका नळ तसाच ठेवून मोठी टाकी बसवण्यात अर्थ नसतो, मोठं पॅनल म्हणजे ती टाकी.

इथे तपासा: स्लीपचा आकडा ०.२ मिलिअँपच्या वर असेल तर पायरी ३ करून तो खाली आणल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पायरी ३: खर्च कमी करा, याच क्रमाने

१. पॉवरचा एलईडी काढा. सोल्डरिंग गनने उचलला की झालं, नाहीतर त्याचा रेझिस्टर उचला.

२. एएमएस१११७ बदला. तो स्वतःच पाचेक मिलिअँप खातो आणि त्याला इनपुट आउटपुटपेक्षा एक व्होल्टच्या वर जास्त लागतं, म्हणजे ३.७ व्होल्टच्या सेलवर तो ३.३ देऊच शकत नाही. त्याच्या जागी एचटी७८३३ सारखा, स्वतः काही मायक्रोअँपवर चालणारा आणि ५०० मिलिअँप देणारा रेग्युलेटर लावा. एमसीपी१७०० बरेच जण लावतात, पण तो २५० मिलिअँपचा, वायफायच्या झटक्याला कमी पडतो. रेग्युलेटरच्या आउटपुटला ४७० ते १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ईएसपीच्या अगदी जवळ ठेवा.

३. जागं राहण्याचा वेळ कापा. स्टॅटिक आयपी द्या, राउटरचा चॅनल आणि बीएसएसआयडी (त्याच्या वायफायचा पत्ता) कोडमध्ये ठेवा, पाच सेकंदांचं काम एक-दीड सेकंदात होतं. घरात दुसरा ईएसपी कायम चालू असेल तर ईएसपी-नाउ (दोन ईएसपींनी एकमेकांशी थेट बोलायची सोय) वापरा, त्यात राउटरशी जोडायचा वेळच जात नाही.

४. वायफाय मिळालं नाही तर काय, हे लिहा. ही सगळ्यात महागडी चूक आहे. लाईट गेली, राउटर बंद, आणि तुमचा सेन्सर गच्चीवर कनेक्ट होईपर्यंत लूपमध्ये फिरतोय, १२० मिलिअँप सतत, दोन तासांत २४० एमएएच गेले म्हणजे नऊ दिवसांचा खर्च. आठ सेकंदांचा टाइमआउट टाका, नाही जमलं तर रीडिंग आरटीसी मेमरीत (झोपेतही टिकणाऱ्या मेमरीत) ठेवून झोपा.

५. सिग्नल मोजा. गच्चीचा स्लॅब, मध्ये लिफ्टची रूम, सिग्नल उणे ८५ डीबीएम, म्हणजे कमजोर, मग प्रत्येक पॅकेट तीन-तीनदा पाठवावं लागतं आणि बॅटरी तिथे जाते. उणे ७५ पेक्षा चांगला सिग्नल मिळेल अशी जागा बघा किंवा राउटर खिडकीजवळ आणा. बॅटरीच्या तक्रारीमागे नेटवर्क आहे हे पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही.

६. सेलचं व्होल्टेज बघून झोप वाढवा. ३.७ च्या वर दहा मिनिटं, ३.७ च्या खाली अर्धा तास, ३.५ च्या खाली एक तास, ३.४ च्या खाली वायफाय पूर्ण बंद आणि फक्त पावसाचे टिप, म्हणजे पाऊस मोजणारी बकेट किती वेळा पलटली ते, मोजायचे. सलग ढगांच्या आठवड्यात हीच एक ओळ स्टेशन वाचवते.

पाऊस मोजणाऱ्या बकेटबद्दल जरा थांबून सांगतो. बकेट पलटली की चुंबक रीड स्विच क्षणभर बंद करतं आणि चिप जागी होते. प्रत्येक टिपला वायफाय चालू करू नका, नुसता आकडा एकने वाढवा आणि परत झोपवा. ०.२८ मिमीच्या बकेटमध्ये १०० मिमी पावसाला साडेतीनशेच्या वर टिप होतात, आणि आपल्याकडे १०० मिमीचा दिवस काही दुर्मिळ नाही. दुसरं, कधीकधी बकेट चिखलाने किंवा मुंग्यांच्या घराने मध्येच अडकते आणि स्विच बंदच राहतो. मग दहा किलोओहमच्या पुल-अपमधून (पिनला प्लसकडे ओढून ठेवणाऱ्या रेझिस्टरमधून) सतत ०.३३ मिलिअँप गळतो, आणि ईएक्सटी० वेकअप (पिनवरून चिपला उठवायची सोय) लेव्हलवर चालत असल्यामुळे चिप झोपते-उठते-झोपते असं रात्रभर करत राहते. उठल्यावर पिन अजून लो आहे का ते बघा, असेल तर त्या फेरीपुरता तो वेकअप बंद करा. पुल-अप एक मेगाओहमचा लावलात तर गळती शंभरपट कमी, फक्त वायर लांब असेल तर सोबत छोटा कपॅसिटर हवा.

महापे-तुर्भे-रबाळे एमआयडीसीच्या जवळ राहणाऱ्यांना हवेतली धूळ मोजायचा सेन्सर पण हवा असतो, आणि हवाच. पण पीएमएस५००३ चा पंखा आणि लेझर मिळून शंभर मिलिअँपच्या आसपास घेतात, चोवीस तास चालवला तर दिवसाला २४०० एमएएच. तो छोट्या सोलरवर चालणार नाही. तासातून एकदा मिनिटभर चालवा, त्यातले पहिले तीस सेकंद वॉर्मअपचे, नाहीतर त्याला सरळ अडॅप्टर द्या.

पायरी ४: सेल

१८६५० मध्ये चांगला सेल साधारण ३५००-३६०० एमएएचपर्यंतचा असतो. ९९०० एमएएच लिहिलेलं काहीही खोटं आहे, घेऊ नका. खरा सेल ४५ ग्रॅमच्या आसपास वजनाला असतो, किचनच्या वजनकाट्यावर ठेवून बघा, तीस ग्रॅम भरला तर परत करा. लॅमिंग्टन रोडला घेत असाल तर मल्टिमीटर सोबत न्या, शेल्फवरचा नवा सेल साधारण ३.५ ते ३.७ दाखवतो, अडीचच्या खाली गेलेला असेल तर नको. लॅपटॉपच्या जुन्या बॅटरीतले सेल गच्चीवरच्या बंद डब्यात लावू नका, तिथे तुमचं लक्ष नसतं.

२५०० एमएएचचा खरा सेल, त्यातले २००० वापरायचे धरले, आणि रोजचा खर्च २७, तर उन्हाशिवाय सत्तर दिवसांच्या वर निघतात. खर्च २६४ असेल तर आठवडा. म्हणून पायरी २ आणि ३ आधी.

उष्णतेचं बघा. लिथियम-आयन सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करायचा नसतो, आणि मे महिन्यात गच्चीवरचा बंद डबा ते दुपारीच ओलांडतो. सेल पॅनलच्या मागच्या बाजूला चिकटवणं ही पावसाळ्यात कळणारी उन्हाळ्यातली चूक, मेमध्ये सेल भाजतो आणि जुलैत त्याची क्षमता गेलेली असते. जागा उघडी आणि तापणारी असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट सेल घ्या, गरमी जास्त सहन करतो, ३.२ व्होल्टचा असल्याने ईएसपी३२ रेग्युलेटरशिवाय चालतो. फक्त त्याचा चार्जर वेगळा, ३.६ व्होल्टला थांबणारा, टीपी५००० मध्ये तसं सेटिंग असतं.

सावध: फॉस्फेट सेलला टीपी४०५६ लावू नका, तो ४.२ पर्यंत ढकलतो.

पायरी ५: चार्जर

टीपी४०५६ चा सहा टर्मिनलवाला बोर्ड घ्या, ज्यात सेलसाठी वेगळे आणि आउटपुटचे वेगळे पॉइंट असतात आणि प्रोटेक्शन चिप असते. चार टर्मिनलवाल्यात प्रोटेक्शन नसतं. लोड कायम आउटपुटच्या पॉइंटला, सेलच्या पॉइंटला नाही.

हा बोर्ड एक अँप चार्जिंगसाठी सेट होऊन येतो. तुमचं पॅनल ढगात तीस मिलिअँपही देत नाही आणि बोर्ड एक अँप ओढायला बघतो, मग पॅनलचं व्होल्टेज दबतं आणि चिप चालू-बंद करत बसते. १२२ लिहिलेला छोटा रेझिस्टर १.२ किलोओहमचा असतो, तो काढून पाच किलोओहमचा लावा, चार्जिंग २५० मिलिअँपवर येतं, एक वॉटच्या पॅनलला पुष्कळ. सोल्डरिंग जमत नसेल तर सीएन३०६५ चा बोर्ड घ्या, तो सोलरसाठीच बनवलेला आहे आणि पॅनल दबू देत नाही. थोडे पैसे जास्त जातील, मी तरी नवीन माणसाला हाच सुचवतो.

इथे तपासा: सेल बसवल्यावर आउटपुटला शून्य व्होल्ट आलं तर बोर्ड मेला असं समजू नका. प्रोटेक्शन चिप लॉक होऊन बसते, मोबाइलचा चार्जर दोन सेकंद लावा, आउटपुट सुरू होईल. गच्चीवर चढायच्या आधी हे घरी करून घ्या.

पायरी ६: पॅनलशिवाय आठवडा

सेल पूर्ण चार्ज करा, पॅनल जोडू नका, आणि सेन्सर जिथे लागणार त्याच जागी आठवडाभर चालवा. सेलचं व्होल्टेज रीडिंगसोबत पाठवायची सोय आत्ताच करा, १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि मधून जीपीआयओ ३२ ते ३९ मधली एक पिन. बाकीच्या अॅनालॉग पिनांपैकी बऱ्याच वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत. ईएसपी३२ चं वाचन थोडं चुकतं म्हणून एकदा मल्टिमीटरशी जुळवून घ्या.

खर्च २७ एमएएच असेल तर आठवड्यात ४.१५ वरून ४.०५ च्या आसपास येईल. ३.६ ला पोचलात तर काहीतरी जागं राहतंय, परत पायरी ३. पॅनल लावल्यावर ही गळती दिसत नाही, ऊन झाकून टाकतं, आणि मग जुलैमध्येच कळते. म्हणून हा आठवडा वाचवू नका.

पायरी ७: पॅनल निवडा आणि मोजा

वाईट दिवसाला मी अर्धा तास भर उन्हाइतकंच उत्पन्न धरतो. सहा व्होल्ट एक वॉटचं पॅनल भर उन्हात १६० मिलिअँपच्या आसपास देतं, अर्ध्या तासाचे ८० एमएएच, रोजच्या २७ ला भरपूर. एक वॉट पुरतं! दोन वॉट घेतलंत तर अजून निवांत, त्याच्या पुढे जाऊ नका, पाच वॉटचं पॅनल वाऱ्यात शिडासारखं होतं आणि ज्या पाइपवर लावलंय तो हलवतं.

चकचकीत इपॉक्सी ओतलेली स्वस्त पॅनल दोन-तीन पावसाळ्यांत पिवळट, धुरकट होतात. काच किंवा ईटीएफईचं (टिकाऊ प्लास्टिकचा थर असलेलं) मिळालं तर तेच. घरी आणल्यावर उन्हात धरून शॉर्ट-सर्किट करंट मोजा, मीटर दहा अँप रेंजवर आणि टोकं थेट पॅनलच्या वायरला, पॅनलला त्याने काही होत नाही. आकडा पॅनलच्या मागे मार्करने लिहून ठेवा, पुढच्या वर्षी तुलना करायला हाच लागेल.

पायरी ८: जागा आणि कोन

उघड्या गच्चीवर पॅनलचं तोंड दक्षिणेला आणि तिरकेपणा १५ ते २० अंश. इंटरनेटवर वाचून ४५ अंश लावणारे खूप आहेत, ते थंड देशांचे आकडे. आपण १९ अंश अक्षांशावर आहोत, मेच्या मध्यावर आणि जुलैच्या शेवटी सूर्य बरोबर डोक्यावर असतो, शून्य सावली दिवस तोच, आणि त्या दोन तारखांच्या मधे दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. त्यात पावसाळ्यात उजेड एका दिशेने येतच नाही, सगळ्या ढगातून येतो, म्हणून आडव्याच्या जवळचं पॅनल जास्त आभाळ बघतं. डिसेंबरमध्ये दुपारचा सूर्य ४७ अंशांवर असतो, तेव्हा २० अंशांच्या पॅनलचं नुकसान आठ टक्क्यांच्या आसपास, सोडून द्या. अगदी सपाट मात्र नको, पाणी, धूळ आणि विष्ठा साचते.

सावली डिसेंबरमध्ये बघा, मेमध्ये नाही. तीन मीटर उंच टाकीची डिसेंबरच्या दुपारी उत्तरेला पावणेतीन मीटर सावली पडते, सकाळ-संध्याकाळ त्याच्या कितीतरी पट. म्हणून टाकी, लिफ्ट रूम, सोलर हीटर यांच्या उत्तरेला पॅनल नको. आणि सावली थोडीशीच आहे म्हणून दुर्लक्ष करू नका, छोट्या पॅनलमध्ये सगळ्या पट्ट्या सिरीजमध्ये असतात, रेलिंगच्या एका दांडीची सावली किंवा कबुतराची एक विष्ठा एका पट्टीवर पडली की पूर्ण पॅनलचा करंट खाली येतो. खात्री करायची असेल तर शॉर्ट-सर्किट करंट मोजताना एका पट्टीवर बोट आडवं ठेवून आकडा बघा.

ठाण्यात येऊरच्या पायथ्याला, उपवन-वसंत विहारच्या बाजूला, संध्याकाळचं ऊन डोंगरामुळे लवकर जातं, तिथे पॅनल जरा पूर्वेकडे वळवलं तर फायदा. बेलापूरला पारसिकच्या कुशीत असाल तर उलट, सकाळ उशिरा होते. घोडबंदरला किंवा खारघरला टॉवरच्या रांगेत असाल तर शेजारचा टॉवर हाच तुमचा डोंगर.

गच्ची मिळत नाही आणि फक्त खिडकी आहे, तर दक्षिण उत्तम, पूर्व-पश्चिम चालेल पण दोन-तीन वॉट घ्या. उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन फार कमी येतं, तिथे सोलरचा हट्ट नको, घरातून पाच व्होल्टची बारीक वायर द्या. पॉवर बँक लावू नका, करंट कमी दिसला की ती स्वतःच बंद होते.

पायरी ९: डबा, वायर आणि जोडायचा क्रम

इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारा आयपी६५ जंक्शन बॉक्स घ्या, पांढरा किंवा फिकट राखाडी. पॅनल वर आणि डबा त्याच्या सावलीत, मध्ये चार बोटं अंतर, हवा खेळली पाहिजे. वायर खालूनच आत न्या, ग्लँडमधून (वायरभोवती आवळायचं बूच), आणि आत शिरण्याआधी वायरला खाली एक लोंबता वळसा द्या म्हणजे पाणी वळशावरून टपकतं. तळाला दोन-तीन मिमीचं एक भोक ठेवा, आत साचलेला दमटपणा निघायला, त्यावर बारीक जाळी, नाहीतर मुंग्या आणि पाल.

फटी बुजवायला सिलिकॉन वापराल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको, त्यातलं अॅसिड तांबं आणि सोल्डर खातं. न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. खाडीच्या बाजूला, वाशी, ऐरोली, कोपरी, हवेतच खार असतो, सेल होल्डरच्या स्प्रिंगा सगळ्यात आधी गंजतात आणि त्या गंजावर व्होल्टेज पडतं, लोक सेलला दोष देतात. पट्टी सोल्डर केलेला सेल घ्या, नाहीतर होल्डरच्या टोकांना पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. बोर्डवर नेलपॉलिशचा थर चालतो, बीएमई२८० च्या भोकावर मात्र चुकूनही नाही.

जोडायचा क्रम असा:

१. सगळं सुटं ठेवून प्रत्येक वायरची पोलॅरिटी मीटरने बघा, रंगावर जाऊ नका.
२. सेल जोडा.
३. आउटपुटला ३ व्होल्टच्या वर आलंय ना ते बघा, नसेल तर चार्जरने उठवा.
४. ईएसपी जोडा, एक रीडिंग घरच्या स्क्रीनवर आलेलं बघा.
५. पॅनल कापडाने झाकून जोडा, मग कापड काढा. चार्जिंगचा लाल दिवा लागला पाहिजे.
६. डबा बंद.

काढताना उलट, आधी पॅनल, शेवटी सेल.

कबुतर-कावळ्यांसाठी पॅनलच्या कडेने केबल टाय लावा आणि त्यांची शेपटं कापू नका, उभी राहू द्या. पक्षी बसत नाहीत आणि सावलीही नगण्य.

पायरी १०: ग्राफ वाचायला शिका

एकदा लागलं की रोज डबा उघडायचा नाही, व्होल्टेजचा ग्राफ सगळं सांगतो.

रात्री नऊ ते पहाटे पाच सलग मोठी घसरण दिसतेय, ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त, तर खर्च वाढलाय. बहुतेक वेळा राउटर, सिग्नल किंवा अडकलेली बकेट. पॅनलला हात लावू नका.

रात्र सरळ आहे पण दिवसा चढतच नाही, तर पॅनल. धूळ, विष्ठा, नवी शेड, शेजारच्या झाडाची वाढलेली फांदी, नाहीतर पॅनलच्या मागचं सोल्डर गंजलंय. शॉर्ट-सर्किट करंट मोजून मागे लिहिलेल्या आकड्याशी ताडा, तसंच ऊन असलेल्या दिवशी.

दिवसा झपकन ४.२ आणि रात्री झपकन ३.६, तर सेल गेला. क्षमताच उरलेली नाही, बदला. जुना सेल कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, टोकांना टेप लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आणि रोज थोडं थोडं जिन्यासारखं खाली येतंय, पाच-सहा दिवस, बाहेर मुसळधार आहे, तर काहीही करू नका, हे ठरल्याप्रमाणे चाललंय. ३.७ च्या खाली गेलं तरच रीडिंगचं अंतर वाढवा, तेही कोडमध्ये आधीच असेल तर तुम्हाला करायचं काही नाही. वीज कडाडत असताना बॅटरी बदलायला गच्चीवर अजिबात जायचं नाही, डेटा गेला तरी चालेल.

वर्षातली कामं तीनच. मेच्या शेवटच्या आठवड्यात पॅनल धुवा, बकेट साफ करा, ग्लँड आवळा, सेल घरी चार्जरवर ४.२ पर्यंत भरून लावा म्हणजे पहिल्या ढगाला तो पूर्ण भरलेला असेल. ऑक्टोबर संपताना डबा उघडून गंज बघा आणि ओल शोषणारी सिलिका जेलची नवी पुडी ठेवा. आणि डिसेंबर-जानेवारीत पंधरवड्यातून एकदा पुसा, कारण त्या दिवसांत रात्रीचं दव आणि रस्त्याची, बांधकामाची धूळ मिळून पॅनलवर सिमेंटसारखा थर बसतो, वरवर पाणी मारून तो निघत नाही. ओलं मऊ कापड पाच मिनिटं पॅनलवर ठेवा आणि मग हलक्या हाताने पुसा, घासणी आणि भांड्यांची पावडर नको, इपॉक्सीवर एकदा ओरखडे पडले की ते कायमचे.